उजेडाची बाजू

सोमलिंग मास्तर धाराशिवच्या शाळेत चित्रकला शिकवीत असत, पण त्यांचा जीव सगळा माणसांच्या चेहऱ्यांत अडकलेला होता. हैदराबादला एका चित्रशाळेत काही वर्षं काढून ते परत आले होते, आणि पेन्सिलीनं हुबेहूब माणूस उतरवण्याची विद्या तेवढी तिथून घेऊन आले होते. "नाकाला रेघ नसते," ते मुलांना सांगत. "नाक म्हणजे एका अंगाचा उजेड अन् दुसऱ्या अंगाची सावली. तेवढं काढा, नाक आपोआप येतं." मुलं दिवसभराच्या उर्दू धड्यांनी कंटाळलेली असत, ती हसून एकमेकांच्या नाकांकडं बघत.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी कडक शिशाच्या पेन्सिलीनं, हाताचा भार कागदावर पडू न देता, फिकट थर. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मग मऊ पेन्सिलीनं खोल जागा, म्हणजे नाकपुड्या, ओठांमधली फट, हनुवटीखालचा अंधार. आणि शेवटी घट्ट वळलेल्या कागदाच्या सुरळीनं किंवा कापसाच्या बोळ्यानं दोन छटांमधली शीव अशी पुसून टाकायची की उजेड कुठं संपला आणि सावली कुठं लागली ते काढणाऱ्यालाही सांगता येऊ नये. बोट ते कधी लावत नसत, बोटाच्या तेलानं कागद डागाळतो. उजेड परत आणायचा झाला तर डबलरोटीचा मऊ गाभा मळून त्याची गोळी कागदावर दाबायची, की शिसं अलगद उचललं जाई. जर्मनीची लढाई सुरू झाल्यापासून चांगल्या पेन्सिली मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून हाती असलेली थोटकं बोरूच्या नळीत खोचून ते पुरवून पुरवून वापरीत. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागे, ती म्हणजे उजेड कुठून येतो आहे. ते एकदा ठरलं की चेहऱ्यावरच्या प्रत्येक खाचखळग्याला आपली जागा कळते, असं ते म्हणत.

भाद्रपदातल्या एका शुक्रवारी, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या शाळांच्या सुटीच्या दिवशी, बेंबळीचे हणमंतप्पा त्यांच्या दारात आले. कापडाचे व्यापारी, सत्तरीकडं झुकलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. पाणी प्यायले, फेट्याच्या टोकानं मिशा पुसल्या आणि म्हणाले, "माझ्या पोराचं चित्र काढून पाहिजे, मास्तर."

"घेऊन या की त्यांना. सकाळच्या उजेडात बसवू."

"आणता आला असता तर तुमच्यापर्यंत कशाला आलो असतो."

मुलाचं नाव वीरभद्र. एका दुपारी जेवून त्यानं हात धुतला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि उंबरा ओलांडून जो गेला तो परत आलाच नाही. घरात भांडण नव्हतं, अंगात दुखणं नव्हतं, कुणाशी वैर नव्हतं. येत्या मार्गशीर्षात त्याला बारा वर्षं पुरी होत होती. बिरादरीतल्या जाणत्यांनी ठरवलं होतं की बारा वर्षं भरली म्हणजे माणूस गेला असं धरून विधी उरकून घ्यावा, म्हणजे घर मोकळं होतं.

"देह तर न्हाय," हणमंतप्पा म्हणाले, "निदान चेहरा तरी पुढ्यात ठेवावा म्हणतो. फोटो एकबी न्हाय. मी सांगीन, सूनबाई सांगंल. तुमी काढा."

न पाहिलेला माणूस मास्तरांनी कधी काढला नव्हता. खरं तर त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण नुसत्या सांगण्यावरून चेहरा कुठवर येतो ते बघण्याचं कुतूहल त्यांच्या मनात असं काही उभं राहिलं, की ते हो म्हणून बसले.

मग दर गुरुवारी शाळा सुटली की ते सायकलवर बेंबळीला जाऊ लागले. रात्री हणमंतप्पांकडं मुक्काम करायचा आणि शुक्रवारी सकाळी कामाला बसायचं. बैठकीच्या खोलीला एकच मोठं दार होतं, पूर्वेचं. दार डाव्या हाताला येईल असं त्यांनी हणमंतप्पांना बसवलं, कारण मुलाच्या चेहऱ्याची हाडं बापाचीच आहेत असं सगळे म्हणत होते. हाडं बापाची घ्यायची आणि त्यावरचं कातडं सांगण्यावरून चढवायचं, असा बेत होता.

सांगायला सून बसायची. महादेवी पस्तिशीची असावी. माजघराच्या दाराशी, पदर डोक्यावरून घेऊन, भिंतीला पाठ न टेकता ती बसे. बारा वर्षं नवरा नसलेल्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पहिल्या दिवशी मास्तरांच्या नजरेत भरलं; ते इतकं ताजं आणि इतकं रेखीव होतं की रोज सकाळी त्यासाठी ती आरशापुढं बराच वेळ बसत असणार. चित्र पुरं झालं की विधी होणार, आणि विधी झाला की ते पुसलं जाणार. त्यामुळं ही बाई काही ना काही खोट काढत राहणार, असा मास्तरांनी मनाशी अंदाज बांधला होता, आणि त्याबद्दल त्यांना तिचा राग नव्हता.

पण तिचं सांगणं टाळाटाळीचं नव्हतं. "गालाचं हाड वर न्हाय, जरा मागं हाय, कानाकडं," ती म्हणे, आणि पेन्सिल मागं सरकली की कागदावरचा माणूस एकदम जवळ आल्यासारखा वाटे. भुवया, जिवणी, कानाची पाळी, कपाळावरची एक आडवी आठी. हणमंतप्पा मधूनच म्हणत, "आठी कुठं होती गं त्याला?" मास्तर आठी पुसून टाकत, आणि ती पुसली की चेहरा कुणा भलत्याचाच होई. पुन्हा काढली की म्हातारा स्वतःच मान डोलवून म्हणे, "व्हय. हाच."

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मास्तरांच्या ध्यानात आलं की उजेड चुकला आहे.

हणमंतप्पा समोर बसलेले होते, दार त्यांच्या डाव्या हाताला होतं, त्यांचा डावा गाल उजळलेला होता आणि उजवा सावलीत. चित्रातल्या माणसाचा मात्र उजवा गाल उजळला होता. शिवाय उजेड वरून उतरत नव्हता. हनुवटीचा तळ, नाकपुडीची कड, भुवईच्या हाडाची खालची बाजू, जिथं अंधार असायचा तिथं एक फिकट, मऊ चमक होती, आणि डोळ्यांच्या वर, जिथं उजेड असायचा, तिथं सावली. छटा सगळ्या एकमेकींशी जुळत होत्या, कुठं एक खोटी नव्हती. फक्त त्या या खोलीतल्या उजेडाच्या नव्हत्या.

आपलं लक्ष नसावं, असं म्हणून मास्तरांनी तो गाल डबलरोटीनं उचलला आणि दाराकडं बघत बघत, मुद्दाम, नवे थर चढवले. दुपारी चित्र लांब धरून पाहिलं तर उजेड पुन्हा उजवीकडून आणि खालून येत होता. एवढी वर्षं हात चालवून असं कधी झालं नव्हतं. त्यांना भीती वाटली नाही. एखाद्या गणिताचं उत्तर दोनदा तेच चुकीचं यावं, तसं ते नवल करत राहिले.

"महादेवीताई," त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगता तेव्हा ते तुम्हाला कुठं बसलेले आठवतात? दुकानात? ओसरीवर?"

"आठवत न्हाईत ओ," ती म्हणाली. "आठवायचं कवाच सरलं. दिसतेत."

"मग उजेड कुठनं येताना दिसतो?"

मग तिनं उजवा हात जमिनीलगत नेला आणि तळवा वर करून धरला. "हितनं," ती म्हणाली. "खालनं."

हणमंतप्पांनी तिच्याकडं पाहिलं, आणि मग दाराबाहेर.

त्यानंतर मास्तरांना एक नादच लागला. ज्या घरात जातील तिथं ते उजेड बघू लागले. जमिनीलगतच्या खिडकीतून येणारा, पाण्यावरून उडालेला, नव्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेला. असा उजेड चेहऱ्यावर पडायला घर तरी कसं असावं लागेल, याचे आराखडे ते वर्गात फळ्यावर काढत आणि मुलांना काही न सांगताच पुसून टाकत.

इकडं चित्र पुढं सरकत होतं. एकच जागा जमत नव्हती, ती म्हणजे उजवा डोळा. तो काही केल्या फार काळा उतरे; डावा माणसासारखा बघायचा, उजवा नुसता भोकासारखा दिसायचा. दिवाळीच्या सुमाराला एका शुक्रवारी मास्तर वैतागले आणि त्यांनी गोळी दाबून दाबून तो सगळाच उचलून घेतला. भुवईखाली कोरा पांढरा खळगा राहिला.

महादेवी दाराशी उठून उभी राहिली. "तसं उघडं ठेवून जाऊ नका, मास्तर."

"ऊन उतरलं ताई, आता छटा कळायच्या नाहीत. पुढच्या खेपेला काढतो."

कागदावर धुळीचा कण पडू नये म्हणून मास्तरांनी वरून मलमलीचा तुकडा टाकला. निघताना त्यांनी पाहिलं तेव्हा ती त्या तुकड्याची टोकं चारी बाजूंनी सारखी करत होती, झोपलेल्या माणसाचं पांघरूण करावं तशी.

पुढच्या खेपेला जाणं झालंच नाही. आधी शाळेत परीक्षा आल्या, मग बहिणीच्या मुलाचं जावळ काढायला सगळ्यांना घेऊन तुळजापूरला जावं लागलं. गर्दी होती, नेहमीच्या पुजाऱ्यांकडं जागा नव्हती. त्यांनी वरच्या अंगाला बानूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी उतरायला सांगितलं. ती यात्रेकरूंना खोल्या देत असे. गाव सगळं उतारावर वसलेलं, एकाच्या जोत्याशी दुसऱ्याचं छत. बायका मुलाला घेऊन देवळाकडं गेल्या आणि मास्तर पेटी ठेवायला मागच्या खोलीत शिरले.

खोलीला एक बुटकी खिडकी होती, अगदी जमिनीला लागून. खिडकीबाहेर खालच्या घराची चुन्याची गच्ची होती. तिच्यावर सकाळचं ऊन पडलं होतं आणि ते उलटून, दुधासारखं मऊ होऊन, खिडकीतून आत वर चढत होतं. मास्तर खिडकी उजव्या हाताला घेऊन भिंतीशी बसले. त्यांनी आपला तळहात चेहऱ्यासमोर आडवा धरला. हाताची खालची कड उजळली होती आणि वरची सावलीत होती. किती वेळ ते तसे बसले कुणास ठाऊक. मान मागं टेकायला गेले तेव्हा भिंतीवर, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तेलाचा एक गोल काळपट डाग त्यांना दिसला.

बानूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. "तिथं पाव्हणं बसायचे," त्या म्हणाल्या.

"कोण पाहुणे?"

"नाव कवा सांगितलं न्हाई बघा. पाव्हणं म्हणून आले अन् ऱ्हायले, म्हणून आमी पाव्हणंच म्हणायचो. लई वर्षं झाली. देवळाकडं पाणी भरायचे, दोन घास खायचे, अन् हितं भिंतीला डोकं टेकून बसायचे. तरास कुणाला न्हाई." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आता आता जरा येड्यासारखं करायला लागले होते. गालाला हात लावून बसायचे. म्हणायचे, बानूबाई, कुणीतरी माझा गाल चोळतंय ओ. मऊ, कापसानं चोळल्यासारखं."

मास्तर भिंतीपासून जरा पुढं सरकले.

"मी म्हटलं, भास होतोय पाव्हणं, चोळायला कोण येतंय तुमाला! अन् मग दिवाळीत त्यांचा डोळा गेला. उजवा. दुखला न्हाई, लाल झाला न्हाई. सांजच्याला माझ्यासमोर बसले होते, बोलता बोलता गप झाले. बघते तर पांढरा फक्क."

"आता कुठं आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"गेले की परवा. म्हटलं, एका डोळ्यानं कुठं जाताव? तर म्हणाले, कोण करतंय ते बघून येतो." बानूबाईंनी उतारावरच्या वाटेकडं हात केला. "चालतच गेले."

जावळाचं जेवण सोडून मास्तर मोटारीनं धाराशिवला आले, सायकल काढली आणि थेट बेंबळी गाठली. हणमंतप्पांच्या अंगणात मांडवाचे वासे येऊन पडले होते. विधी सोमवारचा ठरला होता आणि मठातल्या स्वामींना सांगावा गेला होता. धापा टाकत मास्तरांनी सगळं सांगितलं, गाल चोळण्याचंही सांगितलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता, दाराआडून महादेवीही ऐकत होती.

"मास्तर, बारा वर्षांत अशा बातम्या लई आल्या," हणमंतप्पा म्हणाले. "कुणी अक्कलकोटला बघितला, कुणी गाणगापुरात. दोनदा मी सोता जाऊन आलो. एकदा तर एका मुक्या माणसाला घरी घेऊन आलो. आंघोळ घातली, जेवू घातलं, माझा सदरा घातला अंगात, अन् ह्या पोरीला विचारलं, हा का गं? ती न्हाय म्हणाली. त्या माणसाला परत वाटेला लावताना काय झालं ते माझं मला ठाऊक." त्यांनी मांडवाच्या वाशांकडं पाहिलं. "आता न्हाय. तुमी तेवढा डोळा पुरा करा."

तरीही त्यांनी तुळजापूरच्या वाटेवर दोन गडी पाठवले. ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. वाटेत त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

ती दुपार मास्तर चित्रासमोर बसून होते. मलमल काढलेली होती आणि पांढरा खळगा त्यांच्याकडं बघत होता. पेन्सिल हातात धरवत नव्हती. आजवर ज्या कागदावर त्यांनी बिनदिक्कत घासलं, पुसलं, खरडलं, त्याला आता टोक टेकवायचं म्हणजे कुणाच्या तरी अंगाला हात लावायचा होता, आणि तो माणूस या घडीला माळावर कुठं तरी, एका डोळ्यानं वाट शोधत चालला होता. किंवा चालला नव्हता. बानूबाईंचे पाहुणे वेगळे होते आणि हे सगळं मास्तरांच्याच डोक्यातलं होतं.

महादेवी येऊन बसली. आज ती दाराशी बसली नाही, चित्राजवळ बसली.

"डोळा काढला की चित्र पुरं व्हतंय," ती म्हणाली.

"हो."

"मग सोमवारी माझं कुंकू जाणार."

"मी नाही काढला तर आप्पा विधी थांबवतील, ताई. महिनाभर तरी थांबवतील. मी त्यांना सांगेन की हात चालत नाही."

तिनं नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ ती त्या पांढऱ्या जागेकडं बघत राहिली, आणि मग आयुष्यातला मोठा सौदा एका शब्दात तोडावा तशी म्हणाली, "त्यांना दिसत न्हाई, मास्तर. डोळा द्या."

मास्तरांनी काम सुरू केलं. त्यांनी पेन्सिल इतकी हलकी धरली होती की पहिले थर चढले ते त्यांनाही दिसले नाहीत. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडते आणि कोपऱ्याकडं तो गोलाईनं वळतो, म्हणून तिथं राखाडीची बारीक झाक द्यावी लागते. मग बुबुळ, कडेला गडद, आत जरा उघडलेलं. मग बाहुली, हातातल्या सगळ्यांत मऊ थोटकानं, एकाच जागी पुन्हा पुन्हा. आणि बाहुलीच्या कडेला, खालच्या अंगाला, कागद तसाच राखून ठेवलेला चमकेचा कण. सुरळी फिरवताना ते मधूनमधून थांबत आणि नकळत विचारत, "जोर लागतोय का?" महादेवी म्हणे, "न्हाई. चालू द्या." त्या विचारण्यात आणि त्या उत्तरात काही वावगं आहे, असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा डोळा पुरा झाला होता, आणि दोन्ही डोळे सारखे बघत होते.

सोमवारी सकाळी मांडवात बिरादरी जमली. चौरंगावर चित्र उभं केलं होतं, त्याच्या चौकटीला विभूती लावली होती. स्वामींनी मंत्र सुरू केले. महादेवीला मध्ये घेऊन बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एका वडीलधाऱ्या बाईनं तिच्या गळ्यातल्या मण्यांच्या गाठीला हात घातला होता आणि गाठ सुटत नव्हती.

महादेवी उठून उभी राहिली. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि मग ती बघत होती तिकडं.

मांडवाच्या कडेला एक माणूस उभा होता. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले, खांद्यावर फाटकं उपरणं. मास्तरांनी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं आणि तरी त्याच्या चेहऱ्यातली अशी एक जागा नव्हती जी त्यांच्या हाताला माहीत नव्हती. कपाळावरची आडवी आठी होती. गालाचं हाड जरा मागं होतं, कानाकडं. दोन्ही डोळे चांगले होते.

स्वामींचे मंत्र थांबले. हणमंतप्पा काठी टेकत पुढं गेले, अगदी जवळ जाऊन उभे राहिले, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. मागं वळून त्यांनी सुनेला विचारलं, "हा का गं?"

"व्हय," महादेवी म्हणाली.

मग जे रडणं झालं, जे हसणं झालं, मांडवाच्या वाशांनाच तोरण बांधून त्याच सांजेला जे जेवण झालं, त्याची गोष्ट बेंबळीत पुढं कितीतरी दिवस चालली. वीरभद्र फार बोलला नाही. का गेलास म्हणून बापानं विचारलं तेव्हा म्हणाला, "उठलो अन् गेलो. का ते मलाच उमगलं न्हाई." येताना वाट कशी सापडली, या प्रश्नावर मात्र त्याचा चेहरा उजळला. "आधी निस्ता उजेड दिसायला लागला, हळूहळू," तो म्हणाला. "मग सगळंच दिसलं."

दुसऱ्या दिवशी हणमंतप्पांनी चित्र जाळायला काढलं. जित्या माणसाचं, आणि तेही मेलेल्याच्या विधीला केलेलं, असलं अभद्र घरात ठेवायचं नाही, हे त्यांचं म्हणणं सगळ्या गावाला पटण्यासारखं होतं. अंगणात काटक्या पेटल्या होत्या. मास्तर धावतच आले. "नका आप्पा!" ते असे ओरडले की गडी थबकले. महादेवी पुढं झाली, सासऱ्याच्या हातून तिनं चित्र काढून घेतलं, मलमलीत गुंडाळलं आणि आत नेऊन पेटीच्या तळाशी ठेवलं. सासऱ्याच्या हातून काही काढून घेण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

मास्तर धाराशिवला परतले. शाळेतल्या मुलांना ते पुन्हा नाकं काढायला शिकवू लागले, पण स्वतः मात्र माणूस काढायचं त्यांनी टाळलं. सुरई, आंबा, दगड, असलंच काही समोर ठेवत. येळवशीला, मार्गशीर्षी अमावास्येच्या शेतपूजेला, हणमंतप्पांचं आवतण आलं तेव्हा जावं की नाही यावर त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि शेवटी कुतूहलच जिंकलं.

दिवसभर सगळे शेतात होते. कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली, भज्जी आणि आंबील पोटभर झाली. वीरभद्रचं अंग भरलं होतं. तो आल्यागेल्याला आग्रह करत होता. मास्तरांचं त्याच्याकडं सारखं लक्ष जात होतं, पण कोपीच्या कडब्यातून येणारं ऊन सगळ्यांच्याच तोंडावर ठिपक्याठिपक्यांनी पडलं होतं आणि काही नीट कळत नव्हतं. दिवस मावळता सगळे घरी आले, आणि महादेवीनं मास्तरांचं आणि नवऱ्याचं पान बैठकीच्या खोलीतच मांडलं. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून भिंतीतल्या कोनाड्यात करडीच्या तेलाचा दिवा ठेवलेला होता. वीरभद्र मास्तरांच्या समोर बसला. कोनाडा त्याच्या डाव्या हाताला होता.

"तुमचा हात हलका हाय, मास्तर," तो सहज म्हणाला.

मास्तरांचा घास हातात राहिला. चित्राचं त्याला कुणी सांगितलं असेल. सगळ्या गावाला ठाऊकच होतं. त्यांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि बघत राहिले. दिवा डावीकडं होता. भिंतीची डावी बाजू उजळली होती, त्याच्या सदऱ्याची डावी बाही उजळली होती, पानातल्या वाटीची डावी कड चमकत होती. त्याचा डावा गाल मात्र अंधारात होता. उजवा उजळलेला होता, आणि हनुवटीच्या तळाला दुधासारखी फिकट झाक होती.

महादेवी भाकरी घेऊन आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग मास्तरांच्या. तिनं भाकरी पानाशी ठेवली, कोनाड्यातला दिवा दोन्ही हातांनी उचलला, वात विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरला आणि वळसा घालून तो नवऱ्याच्या उजव्या अंगाला, खाली जमिनीवर ठेवला. चेहरा एकदम बरोबर दिसू लागला. "वाढू का अजून?" तिनं मास्तरांना विचारलं.